चरबी हृदयाला काय सांगते

४ सप्टेंबर

भोपळा मामा,

तुझं पत्र मिळालं. खुशालीच्या दोन ओळी आणि बाकी पानभर एकच चौकशी: "तू तिथे नक्की करतेस तरी काय? दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, मी छाती फुगवून 'संशोधन' म्हणतो, आणि पुढे कोणी काही विचारलं की कपड्याचं माप घ्यायला लागतो." बरं बाबा, सांगते. हसायचं मात्र नाही.

मी चरबीवर काम करते.

हसलास ना? मला इथपर्यंत ऐकू आलं. आता सरळ बस आणि ऐक. हृदयाचं ऑपरेशन असलं की सर्जनला वाटेत थोडी चरबी लागतेच. पेशंटने आधी परवानगी दिली असेल तर तिचा नखाएवढा तुकडा बर्फातल्या डबीतून आमच्याकडे येतो. आम्ही तो कोमट, गुलाबी रंगाच्या पाण्यात ठेवतो. साधं पाणी नाही हं, त्यात साखर, क्षार, पेशींना लागतं ते सगळं असतं. दुसऱ्या दिवशी तुकडा बाजूला काढायचा आणि पाणी जपून ठेवायचं, कारण आम्हाला खरं हवं असतं ते पाणीच.

का, ते सांगते. आपल्याला वाटतं चरबी म्हणजे गोदाम, जास्तीचं खाल्लेलं पोती भरून ठेवायला. पण ती गप्प पडून नसते रे. सारखी काही ना काही रक्तात सोडत असते. हार्मोन्स. निरोपच म्हण. भूक लागली, आता पुरे, सूज आण, सूज आवर. असले कितीतरी. त्यातल्या एकाचं नाव ॲडिपोनेक्टिन. ज्या उंदरांच्या अंगात तो तयारच होत नाही, त्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडवला तर हृदयाचं जास्त नुकसान होतं. म्हणजे चरबी हृदयाला काहीतरी सांगते आणि ते त्याच्या कामी येतं. कदाचित.

म्हणून दुसऱ्या बशीत आम्ही उंदराच्या हृदयाच्या पेशी ठेवतो आणि, मामा, त्या बशीत धडधडतात! नुसत्या पेशी, ना उंदीर, ना छाती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "बाई, बाई, इकडे या" म्हणून ओरडलेच. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्यांनी हे हजारदा पाहिलंय, तरी त्या आल्या आणि माझ्याबरोबर बघत उभ्या राहिल्या. या पेशींवर ते चरबीचं पाणी घालायचं, त्यांचा प्राणवायू कमी करायचा आणि कोण तग धरतं ते बघायचं. जाड माणसाची चरबी त्याच्या हृदयावर उठलेलीच असते, की कधी कधी त्याला सांभाळतेही, एवढंच आम्हाला शोधायचंय.

आता सांग गिऱ्हाइकांना. आणि बीपीची गोळी घेतोस ना?

तू ठेवलेल्या नावाची,
शंकासुर


१५ सप्टेंबर

शंकासुर,

तुझं पत्र कापायच्या टेबलावर पसरलं, खडूने खुणा करत वाचलं, मग मामीला वाचून दाखवलं, मग शेजारच्या चष्मेवाल्याला. चष्मेवाला म्हणाला, "म्हणजे तुमचं पोट तुमचा पहारेकरी आहे म्हणा की." मी म्हटलं, लाखमोलाचं बोललास! जन्मभर लोक या पोटाला नावं ठेवत आले. शाळेत ठेवली, लग्नात ठेवली, आता तो डॉक्टर ठेवतो. आणि हे बिचारं इथे मुकाट्याने पहारा देतंय.

फोनवर तू "जेवलास का, गोळी घेतलीस का" याच्यापुढे जात नाहीस. पत्रात किती छान बोलतेस बघ. म्हणून मीही पत्रातच विचारतो. चरबीला कसं कळतं हृदय कुठे आहे ते? निरोप सोडला तो चुकून पायाच्या अंगठ्याकडे गेला तर? आणि त्या बशीतल्या पेशी, ज्यांना ना उंदीर ना छाती, त्या धडधडतात कोणासाठी? मी हे इस्त्री करताना विचार करत होतो आणि एका साहेबांच्या कॉलरवर डाग पाडला. दोष तुझा.

आता मनातलं एक. तुझी आई बघ. माझी ताई. काडी होती नुसती. अंगावर चिमूटभर चरबी नव्हती, आणि चाळिशीतच तिच्या हृदयाने दगा दिला. आणि मी, हा असा भोपळा, साठी ओलांडून यंत्र चालवतोय. एकाच आईबापाची पोरं आम्ही. ती का गेली आणि मी का राहिलो, हे मला कधी कळलं नाही, आणि कोणाला विचारायची हिंमतही झाली नाही. तुझ्या पत्राने कळलं. तिच्याकडे पहारेकरी नव्हता. खूप बरं वाटलं गं वाचून. खूप वर्षांनी.

मामीने बंद केलेलं लोणी तुझं पत्र दाखवून पुन्हा सुरू करून घेतलंय. ती तुझ्यावर चिडली आहे, तेवढं सांभाळ.

तुझा,
भोपळा मामा


२८ सप्टेंबर

मामा,

थांब, थांब, थांब. लोणी खाली ठेव.

माझ्या पत्रात एक शब्द होता, "कदाचित". तू सगळीकडे खडूने खुणा केल्यास आणि नेमका तोच सोडलास. आमच्या धंद्यात तो शब्द म्हणजे तुझी कच्ची टीप. ती घालून, अंगावर चढवून बघायचं, आणि मगच पक्की शिवण. तू एकदम पक्की शिवण मारून कोट घालून हिंडायलाही लागलास.

पुढचं ऐक. चरबीची पेशी बेताची असते तोवर तो चांगला निरोप नीट पाठवते. ठासून भरली की तोच निरोप कमी होतो आणि सूज आणणारे निरोप वाढतात. जाड माणसांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन साधारण कमीच सापडतं, वजन उतरलं की वाढतं. म्हणजे तुझा पहारेकरी असलाच तर त्याला लोणी खाऊ घालून तू झोपवतोयस. तरीही काही जाड माणसांची हृदयं धक्का पचवतात. ती कशी पचवतात, कुठली चरबी मदत करते, पोटातली की कातडीखालची की हृदयाभोवतीची, हे कोणालाच पक्कं माहीत नाही. म्हणून तर मला पगार मिळतो.

आता तुझे प्रश्न. हृदय कुठे आहे हे चरबीला ठाऊक नसतं. ती निरोप रक्तात सोडून देते, तो सगळीकडे फिरतो, अंगठ्याकडेही जातो. ज्या पेशीकडे तो ओळखून आत घेणारं कोणी असतं, ती पेशी घेते. तिसरा, त्या पेशी कोणासाठी धडधडतात हा, मलाही सुटला नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मामांना म्हणावं, मीही बरीच वर्षं हेच विचारतेय."

आईबद्दल लिहिलंस, त्यावर घाईने काही लिहवत नाही मला. विचार करतेय.

लोणी बंद. बिस्किटं बंद. रोज चालायचं. डॉक्टरच्या वजनकाट्याला तोंड द्यायचं. मामीला माझा नमस्कार सांग आणि माझ्या वतीने माफी माग.

शंकासुर


२३ ऑक्टोबर

शंकासुर,

पत्राला उशीर झाला कारण मी रुसलो होतो. आता रुसवा गेलाय असं नाही, पण तुला कळवल्याशिवाय रुसण्यात मजा येईना.

लोणी बंद केलं. बिस्किटांचा डबा मामीने कुठे दडवलाय देव जाणे. शपथेवर सांगतो, पहिल्यापेक्षा निम्मं जेवतो, तेही जात नाही. आणि तरी विजार कमरेला लागते! दोनदा सैल केली. आता शिवणीत आत कापडच उरलं नाही, तेव्हा मागून पट्टी घातली. शिंपी असल्याचा फायदा, दुसरा असता तर नवी विजार घ्यावी लागली असती. मोज्यांचं इलॅस्टिकही कापून टाकलं, पोटऱ्यांवर वळ उठायला लागले होते. बूट चढत नाहीत, चपला घालतो. आणि दुकानात गिऱ्हाइकांना बसायला ठेवलेली आरामखुर्ची घरी आणली. आडवा झालो की खोकला येतो, म्हणून तिच्यातच बसल्या बसल्या झोपतो. मामी खूश आहे, घोरणं थांबलं म्हणते. चालायला जात नाही, कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत गेलो की दम लागतो. वय झालं, दुसरं काय.

डॉक्टरकडे गेलो नाही. काय सांगणार तो? काटा बघणार, मग मला बघणार, मग पुन्हा काटा बघणार. त्याच्या आधी तू ओरडलीस ते पुरे.

खरं सांगू? वजन वाढतंय याचं मला मनातून बरंच वाटतं. तुझी आई जायच्या आधी आपल्याच कपड्यांत हरवली होती. उभी राहिली की नुसता कोटच उभा आहे असं वाटायचं. मला तसं व्हायचं नाही गं. कापड कमी पडतंय तोवर मी आहे, असं वाटतं मला. तुला हसू येईल. हस.

तुझा,
भोपळा मामा


१ नोव्हेंबर, सकाळी

मामा,

हसले नाही. पण विश्वासही बसला नाही. निम्मं जेवतोस आणि विजारीला मागून पट्टी? बिस्किटांचा डबा मामीने दडवलाय, की तू शोधून काढून पुन्हा दडवलायस? खरं सांग, ओरडणार नाही. आणि आरामखुर्चीत झोपतोस म्हणजे अगदी सिंहासनावर. गिऱ्हाइकं काय उभी राहतात?

इथे मजा चालली आहे. एका जाड पेशंटच्या चरबीचं पाणी घातलेल्या पेशी प्राणवायू कमी केल्यावरही बराच वेळ धडधडत राहिल्या. दुसऱ्याच्या पाण्यातल्या लगेच थकल्या. वजन दोघांचं जवळपास सारखं! मग फरक कशात? मला बाकी काही सुचत नाहीये. आता चरबीचा नवा डबा आलाय, तो बघून येते आणि पुढचं लिहिते.

दुपारी

मामा, हे नीट वाच. थट्टा नाही.

आत्ता तुकडा वजनाला ठेवला आणि आकडा लिहून घेतला. बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "टिपून घेतलास का गं?" पाण्यातून काढलेला तुकडा तसाच काट्यावर ठेवला तर चरबीबरोबर पाण्याचंही वजन होतं. म्हणून आधी टिपकागदावर ठेवून पाणी शोषून घ्यायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तुझ्याच पत्राचा विचार डोक्यात होता, मी विसरले. टिपला, पुन्हा ठेवला, आकडा खाली आला.

आणि मला तुझी पट्टी घातलेली विजार आठवली. तुझ्या वजनातलं पाणी आपण कोणी टिपलंच नाही, मामा.

मी दिवसभर चरबी बघते, म्हणून तुझं वजन वाढलं म्हटल्यावर मला चरबीच दिसली. तू दिवसभर कपडे बघतोस, म्हणून तू शिवण उसवलीस. मोज्यांचे वळ, आडवं झाल्यावर खोकला, दिव्यापर्यंत जाऊन दम, निम्मं जेवूनही वाढणारं वजन. हे सगळं तू मला लिहून कळवलंस आणि मी बिस्किटांच्या डब्यावर विनोद करत बसले. हे चरबी वाढल्याचं लक्षण नाही. हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय आणि पाणी अंगात साठतंय, असं असू शकतं. इथे "असू शकतं" लिहिलंय म्हणून उद्यावर ढकलू नकोस.

फोन केला तर तू "गिऱ्हाईक आहे, ठणठणीत आहे मी" म्हणून ठेवून दिलास. म्हणून मामीला सगळं सांगितलंय आणि हे कुरिअरने पाठवतेय, कारण लिहिलेलं तू मानतोस. नडगीवर अंगठ्याने दाब. थोडा वेळ दाबून धर, मग अंगठा काढ. खड्डा तसाच राहिला तर मामीबरोबर तिथूनच दवाखान्यात जा. दुकान बंद करायलाही थांबू नकोस. मला भीती वाटतेय, मामा. मला आई एकच होती, आणि मामाही एकच आहे.

शंकासुर


९ नोव्हेंबर

शंकासुर,

दाबलं. अंगठा काढला. खड्डा तसाच! मळलेल्या पिठात बोट रुतवावं तसा. मी मामीला म्हटलं, "अगं, हे बघ काय गंमत." ती पिशवी भरूनच उभी होती. तुमचा दोघींचा कट होता हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

पत्र इस्पितळाच्या पलंगावरून लिहितोय. पहिली तक्रार, इथला पेशंटचा झगा. मागून उघडा! ज्याने बेतला त्याला माझ्यासमोर आणा. नाड्या दोन, त्याही आखूड. एवढ्या शिकलेल्या लोकांत एकालाही मागचं दिसलं नाही?

सुयांनी औषध देऊन त्यांनी लघवीवाटे पाणी काढलं. इतकं निघालं, इतकं निघालं, की नर्स म्हणाली, "काका, विहीरच आहात तुम्ही." आता आडवा झोपतो. घोरतो. मामी रडते आणि हसते.

पण पाणी गेलं आणि खालून कोण निघालं माहितीये? कोणी भलताच माणूस. दंड लटकलेले, गळ्याची हाडं वर आलेली. मी निम्मं जेवत होतो ना, ते खरंच उतरलं होतं, वरून पाण्याने झाकलेलं होतं म्हणून दिसत नव्हतं. न्हाणीघरातल्या आरशात पाहिलं आणि मला ताई दिसली. खोटं नाही सांगत. शेवटच्या वर्षातली ताई.

डॉक्टर म्हणतो, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. छाती उघडून दुरुस्त करावी लागेल. मी नाही म्हणून सांगितलं. सगळे माझ्यावर चिडले आहेत. पण मला सांग, पहारेकरी गेला, अंगावर काही उरलं नाही, अशा वेळी छाती उघडू द्यायची? ताई अशीच बारीक झाली आणि गेली. हा रस्ता माझ्या ओळखीचा आहे. भोपळा होतो तेव्हा विचारायचं होतं, तेव्हा बेलाशक हो म्हटलं असतं.

तू काय ते लिही. तुझं ऐकेन. पण "कदाचित" घालू नकोस.

मामा


१४ नोव्हेंबर

मामा,

कदाचितशिवाय मला फारसं लिहिता येत नाही. आधी कदाचितवालं सांगते, मग बिनकदाचितचं.

इस्पितळांतून एक कोडं पुष्कळदा दिसतं. हृदय थकलेल्या पेशंटांत जाड माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त जगलेली आढळतात. सगळे चक्रावतात. चरबी वाचवते की काय! आमचं निम्मं काम त्या कोड्यातूनच आलंय, आणि निरोपांचा त्यात वाटा असेलही. कदाचित. पण बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "त्यातली बारीक माणसं आधीपासून बारीक होती का?" आजारी हृदय माणसाला खातं, मामा. भूक जाते, मांस झडतं, चरबी झडते. मग आपण शेवटचा फोटो बघतो आणि म्हणतो, बारीक होता म्हणून गेला.

आता तूच मला सांग, कारण मला माहीत नाही. मी लहान होते. मला आई आठवते ती बारीकच. पण तिचे कपडे तू शिवायचास. तिचं माप तुझ्या हातून गेलंय. ती आधीपासून काडी होती का? तिचा तो राखाडी कोट मामीच्या कपाटात आहे अजून. त्याला विचार.

आणि हे बिनकदाचितचं. झडप चरबीने मिटत नाही. पाण्याने नाही, निरोपाने नाही. ती टाक्यांनीच दुरुस्त होते, आणि टाके घालणाऱ्याला ते अंगावर थोडी ताकद असताना घालू द्यावे लागतात. हे तुला नाही कळणार तर कोणाला कळणार? डॉक्टर म्हणाले तुझं बाकीचं हृदय चांगलं आहे. मी त्यांच्याशी बोलले. तू थांबलास तर ते चांगलं राहणार नाही. ऑपरेशन कर.

मी निघायच्या तयारीत आहे, तुझ्या "हो"ची वाट बघतेय.

शंकासुर


२० नोव्हेंबर

पोरी,

मामीने कोट आणून दिला. नर्सकडून छोटी कात्री मागितली, तर ती म्हणे कशाला. म्हटलं बाई, धंदा आहे माझा, इथे कोणाचं पोट नाही फाडत.

अस्तर उसवलं. आत माझेच टाके. एकाच्या आत एक, तीन ओळी. शेवटी आत घेतला ती ओळ सगळ्यांत आतली, मग त्याच्या आधीची, मग त्याच्याही आधीची. आणि बाहेर, कडेला, मूळ शिवणीची खूण. टेप लावला. कमरेचं माप जवळजवळ माझ्याएवढं!

मग सगळं भराभर आठवायला लागलं. आम्हा दोघांना थोरला भोपळा आणि धाकटा भोपळा म्हणायचे गं! भोपळा हे नाव माझ्या एकट्याचं नव्हतंच. ती गेल्यावर मी एकटा उरलो म्हणून ते मला चिकटलं. हा कोट तिने स्वतः कापड आणून शिवून घेतला होता, आणि "पोटात सैल ठेव रे, मी श्वास घेणार आहे त्यात" म्हणाली होती. शेवटची दोन वर्षं डोळ्यांत इतकी घट्ट बसली की त्याच्या आधीची सगळी ताई पुसली गेली. काडी, काडी म्हणत राहिलो मी.

आणि क्रम सांगतो. जिन्यात थांबायला लागली ती आधी. कठड्याला धरून म्हणायची, "तू हो पुढे." कोट आत घ्यायला आणला तो त्यानंतर. आधी दम, मग कोट. मी इतकी वर्षं उलटं धरून बसलो होतो. ती बारीक होती म्हणून गेली नाही. हृदय थकलं म्हणून बारीक झाली. आणि मी राहिलो ते तिच्यापेक्षा जास्त खाल्लं म्हणून राहिलो नाही. दोन माणसं, दोन हृदयं, एवढंच. वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं कोट फाटला.

डॉक्टरला हो म्हटलं. मंगळवारी करतात. आणि ऐक, कागदांत एक कागद तुमचा निघाला, इथूनही तुमच्याकडे डबे जातात म्हणे, चरबीचा तुकडा द्याल का म्हणून. सगळ्यांत आधी त्यावर सही केली. भोपळ्याची फोड हवी तेवढी घ्या म्हटलं. तुझ्याच बशीत येणार का मी?

निघ आता.

धाकटा भोपळा


२० जानेवारी

शंकासुर,

तू परत गेल्यापासून मामी मला माणसात धरत नाही. उचलू नका, वाकू नका, हसू नका. खोकताना छातीशी उशी धरायची, ती उशी घेऊन घरभर फिरतो. दिव्यापर्यंत जातो, त्याच्या पुढच्या दिव्यापर्यंत जातो, आणि दम लागत नाही. डॉक्टरने छातीवरची शिवण दाखवली. मी आरशात बारकाईने पाहिली. टाके सारखे आहेत, पण वरच्या टोकाला जरा ओढलंय. मी सांगितलं त्याला. तो म्हणाला, पुढच्या वेळी लक्षात ठेवीन. पुढच्या वेळी म्हणे! मी उठलोच तिथून.

काट्यावर उभा राहिलो. डॉक्टर म्हणतो अजून उतरवा, पण सावकाश. बरं म्हटलं. आता भीती वाटत नाही. भोपळा लहान असला तरी भोपळाच.

यंत्राला हात लावायचा नाही, पण उसवायला काही जोर लागत नाही. सोबतच्या पार्सलमध्ये ताईचा कोट आहे. तिन्ही ओळी उसवल्या. एकेक टाका. कापड मी कधीच कापलं नव्हतं, सगळं आत तसंच होतं. पक्की शिवण मामीने यंत्रावर मारली, मी मागे उभा राहून सूचना देत होतो. ती म्हणाली, पुन्हा आजारी पडलात तर मी वाचवणार नाही. मूळ मापाचा केलाय. तुला होईल असं वाटतं. तू काही काडी नाहीस, आमच्याच वेलावरची आहेस. घालून बघ आणि कळव.

आणि माझ्या तुकड्याचं काय झालं? काय सांगत होती माझी चरबी?

धाकटा भोपळा


२ फेब्रुवारी

मामा,

कोट मिळाला. आधी नुसता मांडीवर घेऊन बसले. मग घातला.

तुझ्या तुकड्याचं मला सांगता येणार नाही, आणि गंमत म्हणजे मलाच माहीत नाही. डब्यांवर नावं नसतात. तरी तुझं ऑपरेशन आहे हे मी बाईंना आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या आठवड्यातले सगळे डबे दुसऱ्यांनी हाताळले. मी फक्त नंतर एकत्र आलेले निकाल पाहिले. ज्यांचं हृदय जास्त थकलेलं, त्यांच्यातल्या काहींच्या चरबीने तो निरोप कमी नाही, जास्त सोडला होता. का? हृदयाने आधी हाक मारली आणि चरबीने ओ दिली, असं असेल का? की आग मोठी तिथे बंबही जास्त दिसतात, तसं आहे? बाई म्हणतात, यात दोन वर्षं जातील. मी म्हटलं जाऊ देत. चरबी हृदयाला सांगते एवढंच मी बघत होते, हृदय चरबीला काय सांगतं ते आता बघायचंय.

तुझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे. आज बशीसमोर कोट घालूनच बसले होते, खोलीत थंडी होती. पेशी धडधडत होत्या, कोणासाठी ते न सांगता. बाई आल्या आणि म्हणाल्या, "कोट छान आहे, कोणाचा?" मी आईचा म्हटलं. असं म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझ्याकडे आईचं मला होईल असं काही नव्हतंच.

खांद्यात बरोबर बसलाय. बाह्याही बरोबर. जुन्या टाक्यांच्या तीन ओळी कापडावर अजून पुसट दिसतात, त्या जाणार नसतील तर राहू देत. फक्त कमरेला किंचित घट्ट होतो. अस्तराखाली चाचपून पाहिलं, अजून बोटभर कापड आहे. इथल्या शिंप्याकडे देणार नाही. मार्चच्या शेवटी येते, तोवर यंत्रावर बसायची परवानगी मिळव आणि सैल करून दे. मलाही त्यात श्वास घ्यायचाय.

तुझी,
भोपळी